कुलूपबाई आणि रिकामं मशीन

रुग्णालयाच्या वाहन विभागात एखादी नवी वस्तू आली, की तिची पहिली गाठ वापरणाऱ्याशी पडत नसे, कुलपाशी पडत असे. खोकं उघडायचं, वस्तू उलटसुलट करून पाहायची, नोंदवहीत चढवायची, पुन्हा त्याच प्लास्टिकमध्ये गुंडाळायची, लोखंडी कपाटात ठेवायची आणि किल्ली फिरवायची. हे सगळं ज्या हातांनी व्हायचं त्या भांडारपाल बाईंना चालक पाठीमागे कुलूपबाई म्हणत. समोर नुसतं बाई. बाईंना हे नाव ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. एकोणीस वर्षांत त्यांच्या भांडारातून एक स्क्रू हरवला नव्हता, असं आणखी कोण छातीठोकपणे सांगू शकतं? चालक म्हणायचे, बाईंकडे नवा वायपर मागण्यापेक्षा पावसालाच थांब म्हणून सांगणं सोपं.

तरी बाईंना कंजूष म्हणणं अन्यायाचं होईल. जपून ठेवण्याचं हे वेड सगळ्या जगाला आहे, फक्त बाईंना त्याचा पगार मिळत होता. त्यांच्या घरी सासूबाईंना नातीनं चार्जिंगचा दिवा दिला होता. सासूबाईंनी तो तीन पिशव्यांत गुंडाळून उशांच्या मागे ठेवला, आणि ज्या दिवशी खरोखर वीज गेली त्या दिवशी दिव्यानं डोळाही उघडला नाही. “चांगली वस्तू जपावी लागते, सूनबाई,” असं सासूबाई त्या अंधारात बसून सांगत होत्या. बाईंचे यजमान शिवणकाम करायचे. बोलायचे कमी, पण बोलले की टाका नेमका जागी पडायचा. ते म्हणाले, “आमच्या घरात दोन कुलपं आहेत. दार मात्र उघडंच असतं.”

बाईंना बॅटरीतलं जेवढं कळत होतं तेवढं वाहन विभागात कुणालाच कळत नव्हतं. त्यांच्या वडिलांचं, अण्णांचं, बॅटऱ्या चार्ज करून देण्याचं दुकान होतं. दहा बाय बाराची खोली, फळीवर ओळीनं मांडलेल्या बॅटऱ्या, आतून येणारा बारीक बुडबुड्यांचा आवाज आणि नाकात जाऊन बसणारा आंबूस वास. बाईंच्या शाळेच्या प्रत्येक फ्रॉकला अॅसिडनं पडलेली भोकं असायची. इतर मुली बाहुल्या सजवायच्या त्या वयात ही पोर काचेची नळी बॅटरीत बुडवून आतलं पाणी किती जड आहे ते सांगायची. अण्णा म्हणायचे, “पोरी, निजलेल्या बॅटरीला मेलेली म्हणायचं नाही. तिच्या तळाशी थोडं उरलेलं असतंच. फक्त एका दमात द्यायची ताकद नसते.” आणि दुसरं एक सांगायचे. बॅटरी वापरून जेवढी मरत नाही, तेवढी नुसती ठेवून मरते.

यातलं पहिलं वाक्य बाईंच्या कायम लक्षात राहिलं. दुसरं त्या विसरल्या, आणि त्याचीच ही गोष्ट आहे.

वाहन विभागाकडे नऊ गाड्या होत्या. ज्यांना एक दिवसाआड डायलिसिस घ्यावं लागतं अशा माणसांना घरून आणायचं आणि परत पोहोचवायचं, हे त्या गाड्यांचं काम. पहिली पाळी आठ ते बारा. बाराला दुसरी मंडळी दारात उभी. त्यामुळे जो नऊला आला त्याचा एक तास गेला आणि जो साडेदहाला आला त्याचे अडीच गेले. मशीन कुणासाठी थांबत नाही, आणि रक्तातली घाण तर त्याहून नाही.

गाड्यांच्या बॅटऱ्या मात्र सारख्या बसायच्या. फेऱ्या आखूड, दर थांब्याला चाकांची खुर्ची वर घ्यायची लिफ्ट बॅटरीवर चालायची, आणि गाडी उभी असली की चालक रेडिओ लावून बसायचे. दुसऱ्या गाडीची वीज केबलनं घ्यावी तर दोन गाड्या तोंडाला तोंड लावून उभ्या कराव्या लागत. आवारात तेवढी जागा असती तर आणखी काय हवं होतं!

म्हणून दोन वर्षांपूर्वी विभागानं एक जंप स्टार्टर घेतला होता. विटेपेक्षा थोडं मोठं यंत्र, त्याला लाल आणि काळा असे दोन चिमटे. बसलेल्या बॅटरीला चिमटे लावायचे, चावी फिरवायची, गाडी सुरू. दुसऱ्या गाडीची गरज नाही. बाईंनी तो पाहिला, वाखाणला, प्लास्टिकमध्ये गुंडाळला आणि कपाटात ठेवला. उगाच कुणी हाताळून खराब करायला नको. लहानसहान वेळी चालकांनी मागितला तर त्या म्हणायच्या, “ढकला जरा. एवढ्यासाठी नवं मशीन काढायचं का?”

मग गेल्या थंडीतली ती सकाळ आली. विभागातले सगळ्यात जुने चालक, ज्यांना सगळे हळूभाऊ म्हणत कारण त्यांना कधी कुणी घाईत पाहिलं नव्हतं, ते भांडाराच्या दारात आले. गाडी काही केल्या सुरू होत नव्हती, आणि लिफ्टच्या वजनामुळे ती ढकलून हलण्यातली नव्हती. बाईंनी लगबगीनं कपाट उघडलं. आठ महिन्यांनी ते यंत्र पहिल्यांदा उजेडात आलं, अगदी कोरं करकरीत. हळूभाऊंनी चिमटे लावले, बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. दुसऱ्याची बॅटरी उठवायला आणलेल्या यंत्राची स्वतःचीच बॅटरी केव्हाची बसलेली होती.

गॅरेजचा माणूस यायला साडेनऊ वाजले. हळूभाऊंच्या गाडीतून येणारे चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, ज्यांना अख्खं रुग्णालय सर म्हणे, ते सव्वादहाला पोहोचले. त्यांना पावणेदोन तास मिळाले. दुसऱ्या दिवशी दुपारी सरांच्या छातीत पाणी भरलं, श्वास लागला आणि त्यांना अतिदक्षता विभागात हलवावं लागलं. सहा दिवसांनी ते बाहेर आले, पण अर्धे होऊन.

विभागात सगळे म्हणाले, मशीनच भिकार निघालं. बाईंनी मान डोलावली. पण घरी जाऊन त्यांनी वाढलेलं ताट तसंच बाजूला सारलं. मशीन चांगलं होतं. त्याला कुलपानं मारलं होतं, आणि कुलूप त्यांचं होतं. अण्णांची मुलगी असून त्यांना हे कळू नये, याची त्यांना इतकी लाज वाटली की त्यानंतर त्या कधी डायलिसिसच्या मजल्यावर गेल्या नाहीत. जिना दिसला की पाय आपोआप वळायचे.

वर्षभरानं नवा जंप स्टार्टर घ्यायला मंजुरी आली. एकच. वाहनप्रमुख साहेबांनी तीन विक्रेत्यांना बोलावलं आणि त्यांच्या टेबलावर तीन यंत्रं मांडली गेली. चालकांनी त्यांचं पाच मिनिटांत बारसं केलं: थोरला, मधला आणि धाकटा. थोरला तान्ह्या मुलाएवढा जड, पुढे निळा पडदा, त्यावर झगझगीत आकडे. मधला आटोपशीर. धाकटा दिसायला सगळ्यात साधा, आणि त्याला घेऊन आलेले वयस्क विक्रेते त्याच्याहून साधे. कोपऱ्यात उभे राहून ते सारखे कपाळ पुसत होते.

साहेब वाईट माणूस नव्हते. पण मोठा आकडा दिसला की त्यांचा चेहरा उजळायचा.

“तीन हजार अँपिअर!” थोरल्याच्या खोक्यावर बोट ठेवून ते म्हणाले. “बाकी दोघं आठशे-आठशे. यात निवडायचं काय आहे?”

“साहेब, तो आकडा पापणी लवेपर्यंतचा असतो,” बाई म्हणाल्या. “इंजिन फिरवायला दोन-तीन सेकंद सलग जोर लागतो. तो किती, हे खोक्यावर कुणी लिहीतच नाही.”

थोरल्याचा विक्रेता गोड हसला. “मॅडमचा चांगला अभ्यास आहे.”

“अभ्यास नाही. बालपण आहे,” बाई म्हणाल्या.

मग साहेबांनी धाकट्याचं बटण दाबलं. पडद्यावर शून्य आलं. “अहो, हे तर रिकामंच घेऊन आलात!”

“ते रिकामंच असतं साहेब,” वयस्क विक्रेते म्हणाले. “यात बॅटरी नाही, कपॅसिटर आहे. ज्या गाडीची बॅटरी बसलीय तिच्यातूनच हे थोडं थोडं घेतं, आणि भरलं की सगळं एकदम देतं. दाखवायला गेलो की लोक हसतात.”

लोक हसलेच. साहेब तर खुर्चीत मागे रेलून हसले. “आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, काका?”

बाई हसल्या नाहीत. त्यांच्या कानात बुडबुडे वाजत होते. तळाशी थोडं उरलेलं असतंच. त्या म्हणाल्या, “थेंबे थेंबे तळे साचे, असंही म्हणतात ना साहेब.”

खाली आवारात एका जुन्या गाडीवर तिन्ही यंत्रं लावून पाहिली. थोरल्यानं क्षणात गाडी उठवली, मधल्यानंही. धाकट्याला भरायला पाच मिनिटं लागली. तेवढ्यात साहेबांनी चार वेळा घड्याळ पाहिलं. शेवटी गाडी सुरू झाली, पण टाळ्या काही कुणी वाजवल्या नाहीत.

“झालं तर मग, मोठं घेऊ,” साहेब म्हणाले. “सही कुठे करायची?”

“साहेब, मला दोन महिने द्या,” बाई म्हणाल्या.

“दोन महिने? कशाला?”

“थोरला-मधला आज पोट भरून आलेत. आपल्याकडे मशीन असं कधी राहणार नाही. आपल्याकडे ते कपाटात राहील आणि चार्ज करायचं कुणाच्या लक्षात येणार नाही. म्हणून जसं राहणार आहे तसंच ठेवून बघू. त्या दोघांना पूर्ण चार्ज करते, तिन्ही साठ दिवस कपाटात बंद करते, आणि मग लावून बघू.”

“दर महिन्याला चार्ज करा, असा एक कागद चिकटवू की कपाटावर.”

“अग्निशामक नळकांड्यावर तसा कागद आहे साहेब. त्याच्यावर शेवटची सही माझ्या मुलीच्या लग्नाआधीची आहे.”

चालक खो खो हसले. साहेबांना मात्र ते लागलं. ते म्हणाले, “गेल्या वेळचं मशीन भिकार निघालं म्हणून एवढी धास्ती घेऊ नका.”

बाईंनी क्षणभर खाली पाहिलं. मग सगळ्यांसमोर, विक्रेत्यांसमोरसुद्धा, त्या म्हणाल्या, “ते भिकार नव्हतं. मी आठ महिने त्याला कुलपात ठेवलं. ते उपाशी मेलं. चूक माझी होती.”

हळूभाऊंनी उगाच टायरला लाथ मारून पाहिली. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “म्हणजे ज्यांनी ठेवून मारलं त्यांनीच आता निवडायचं?”

“हो. आणि यात चुकले तर मी स्वतः अर्ज देते. मला चादरी मोजायला पाठवा. चादरींना बॅटरी नसते.”

साहेबांनी तोंडातल्या तोंडात ‘ठीक आहे’ म्हटलं. तिन्ही विक्रेत्यांनी आपापली यंत्रं मागे ठेवली. थोरल्याचा विक्रेता तर जाता जाता साहेबांना म्हणाला, दोन महिन्यांनी बिलच घेऊन येतो.

कपाटात ठेवण्याआधी बाईंनी तीन दिवस हळूभाऊंना कामाला लावलं. चष्मा काढून वाचा, हातमोजे घालून चिमटा दाबा. एका टाकाऊ बॅटरीला मुद्दाम उलटे चिमटे लावा, लालच्या जागी काळा. उलटं लावल्यावर तिन्ही यंत्रांनी काम नाकारलं आणि इशाऱ्याची शीळ वाजवली. मधल्याची शीळ इतकी बारीक की हळूभाऊ म्हणाले, “वाजली का? मला वाटलं तुम्हीच उसासा सोडला.” बाईंनी तेही लिहून ठेवलं. मग थोरल्या-मधल्याला पूर्ण चार्ज दिलं, धाकट्याला रिकामाच ठेवला, तारीख टाकली आणि किल्ली फिरवली.

एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी ती किल्ली कमरेला खोचून ठेवली.

दिवस जाता जात नव्हते. किल्लीकडे हात सारखा जायचा. जरा डोकावून बघावं, एकदाच बटण दाबावं. पण बाईंनी मन मारलं. डोकावणं म्हणजे परीक्षेत कॉपी. साहेब येता-जाता विचारायचे, “काय बाई, अंडी उबली का?” चालकांनी पैज लावली होती आणि एक हळूभाऊ सोडले तर सगळे थोरल्याच्या बाजूचे होते. घरी यजमान म्हणाले, “चादरी मोजायला गेलीस तर शिवलेल्या कडा नीट बघ. हल्ली लोक फार लांब टाके घालतात.” मग जरा वेळानं शिलाई यंत्र थांबवून म्हणाले, “पण जाणार नाहीस तू.” एवढं बोलून ते पुन्हा पायडल मारू लागले. बाईंना त्या एका वाक्यावर महिना काढता आला.

सेहेचाळिसाव्या दिवशी आवाराची फरशी उखडायला माणसं आली. काँक्रीट होईपर्यंत नऊच्या नऊ गाड्या धुलाईखान्यामागच्या मोकळ्या तुकड्यावर तीन ओळींत दाटीवाटीनं लावल्या आणि रुग्णांसाठी बाहेरून गाड्या मागवल्या. बारा दिवस आपल्या गाड्या तशाच गारठत उभ्या होत्या. त्यांना सुरू करून बघावं असं एकालाही सुचलं नाही, बाईंनाही नाही. अठ्ठावन्नाव्या दिवशी, सोमवारी, बाहेरच्या गाड्यांचा करार संपला आणि सकाळी सहाला चालक आपापल्या चाव्या घेऊन तिथे गेले.

बाहेरच्या टोकाच्या दोन गाड्या सुरू होऊन निघून गेल्या. उरलेल्या सातांनी फक्त ‘टक’ म्हटलं.

बाई भांडार उघडत होत्या तेव्हा साहेब धावत आले. साहेब धावू शकतात हे बाईंना तेव्हा कळलं. “बाई, सात गाड्या! सात माणसं घरी वाट बघतायत! थोरलं काढा आधी, थोरलं!”

बाईंनी किल्ली फिरवली. परीक्षेला दोन दिवस बाकी होते, पण परीक्षाच दारात येऊन उभी राहिली होती.

थोरल्याला साहेबांनी स्वतः उचलून नेलं. चिमटे लावले, बटण दाबलं. निळा पडदा काळाच राहिला. दोन महिने त्या अंधाऱ्या कपाटात, कुणी बघत नसताना, तो आपले झगझगीत आकडे मिरवत बसला होता आणि त्यातच त्याचं सगळं बळ सरलं होतं. साहेबांनी बटण एकदा, दोनदा, दहादा दाबलं. मग ते त्या तान्ह्या मुलाला कडेवर घेऊन नुसते उभे राहिले.

मधला बिचारा जागा होता. त्यानं एक गाडी उठवली, दुसरी उठवली, आणि तिसऱ्या गाडीला लाल दिवा दाखवून मान टाकली. पाच गाड्या राहिल्या. सहा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

बाईंनी धाकटा पुढे केला. पडद्यावर शून्य होतं. दोन महिन्यांपूर्वीही शून्यच होतं. त्यांनी तिसऱ्या गाडीचं बॉनेट वर केलं आणि लाल चिमटा, मग काळा चिमटा लावला. शून्याचा एक झाला. एकाचे तीन झाले. मग सात, मग बारा. त्या निजलेल्या बॅटरीच्या तळाशी जे काही उरलं होतं, ते धाकटा शांतपणे वेचत होता. साहेब पाय आपटत होते. “किती वेळ? बाई, किती वेळ?”

“भरू द्या,” बाई म्हणाल्या. आपला आवाज एवढा स्थिर कसा, याचं त्यांनाच नवल वाटलं.

चार मिनिटांनी हिरवा दिवा लागला. चालकानं चावी फिरवली, आणि इंजिन पहिल्या फटक्यात गरजलं.

चालक ओरडलेच. पण बाईंनी हात वर केला. “थांबा! चिमटे काढू नका. आता गाडी चालू आहे, ती याला भरून देईल.” आणि खरोखर, अर्ध्या मिनिटात धाकटा पुन्हा तुडुंब भरला. चौथ्या गाडीला थांबायची गरजच पडली नाही. चिमटे लावले, चावी, गर्रर्र. अर्धं मिनिट थांबले. पाचवी, गर्रर्र. सहावी. थोरल्याकडे होतं ते संपलं, मधल्याकडे होतं ते संपलं. याच्याकडे स्वतःचं काही नव्हतंच, त्यामुळे संपायला काही नव्हतं. प्रत्येक गाडी पुढच्या गाडीसाठी भरून देत होती. बाई पदर खोचून एका बॉनेटवरून दुसऱ्या बॉनेटकडे जात होत्या आणि मागून चालक “आता ही! आता ही!” करत चालत होते.

सातवी गाडी हळूभाऊंची. तिच्यातला दिवा बारा दिवस चालू राहिला होता. चिमटे लावले तर यंत्राला तिथे बॅटरी आहे हेच ओळखू येईना. हिच्या तळाशीसुद्धा काही उरलं नव्हतं.

“संपलं,” साहेब हळूच म्हणाले.

“नाही हो,” बाई म्हणाल्या. त्यांनी सहाव्या, चालू असलेल्या गाडीवर धाकटा काठोकाठ भरला, हातात धरून आणला आणि चिमटे लावले. लाल कुठे, काळा कुठे, हे दोनदा बोट ठेवून पाहिलं, कारण आता जे बटण दाबायचं होतं ते दाबल्यावर यंत्र उलट-सुलट तपासत बसत नाही, सरळ देऊन टाकतं. “हळूभाऊ, मी ‘आता’ म्हटलं की फिरवायची. एकदाच. दुसरी संधी नाही.”

“आयुष्यात पहिल्यांदा घाई करतो,” हळूभाऊ आतून म्हणाले.

“आता!”

इंजिन खोकलं, अडखळलं, आणि लागलं. सातवी गाडी सुरू झाली तेव्हा सात वाजायला अकरा मिनिटं कमी होती. सगळ्या गाड्या एकामागून एक रस्त्याला लागल्या आणि प्रत्येक चालक जाताना बाईंकडे बघून हॉर्न वाजवत गेला. एरवी आवारात हॉर्न वाजवला तर साहेब दंडाची पावती फाडायचे. आज ते तोंड भरून हसत होते. थोरला अजून त्यांच्या कडेवरच होता.

“बाई,” ते म्हणाले, “सही कुठे करायची?”

“सही नंतर. आधी चालकांच्या खोलीत एक खिळा ठोकून द्या. हे मशीन माझ्या कपाटात जाणार नाही.” बाई हे म्हणाल्या आणि त्यांना एकदम इतकं हलकं वाटलं की त्या तिथेच धुलाईखान्याच्या पायरीवर बसून मनसोक्त हसल्या. त्या जिंकल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पुसायचीही त्यांना गरज वाटली नाही.

नऊ वाजता त्या वर्षभरानं डायलिसिसचा जिना चढल्या. नऊही मशीनं चालू होती. सर खिडकीजवळच्या पलंगावर होते.

“आज तुमच्या गाडीनं वेळ पाळली,” ते म्हणाले. “पावणेआठलाच इथे होतो मी.”

बाईंनी स्टूल ओढलं. “सर, मला एक सांगायचंय. मागच्या थंडीत तुम्हाला उशीर झाला ना, तेव्हा गाडी सुरू करायचं मशीन होतं आमच्याकडे. मी कुलपात ठेवून त्याची वाट लावली होती. तुम्हाला जे सोसावं लागलं ते माझ्यामुळे.”

सरांनी उशीवरून मान वळवली. “पण चालक तर म्हणाले, त्यांनाच झोप लागली. मी त्यांना फार बोललो हो. नको नको ते बोललो. तेव्हापासून मी त्यांच्याशी एक शब्द बोललेलो नाही.”

बाई जिना कशा उतरल्या ते त्यांना आठवत नाही. हळूभाऊ आवारातल्या नव्या काँक्रीटवर गाडीची काच पुसत होते.

“सरांना तुम्ही झोप लागली म्हणून सांगितलंत?”

हळूभाऊंनी फडकं पिळलं. “मग काय सांगणार? तुम्ही त्या दिवशी कपाटापाशी खाली बसला होता. तोंड बघवत नव्हतं तुमचं. आणि मला काय, म्हाताऱ्याला झोप लागली म्हटलं की कुणीही विश्वास ठेवतं.”

“वर्षभर त्यांच्या शिव्या खाल्ल्यात?”

“शिव्या एकदाच. त्याचं काही नाही,” हळूभाऊ म्हणाले. “फक्त आधी ते पुढे माझ्या शेजारी बसायचे. रस्त्यातली झाडं दाखवायचे, याची सावली निळी आहे, त्याची जांभळी आहे म्हणायचे. मला काही दिसायचं नाही, पण बरं वाटायचं. नंतर मागे बसायला लागले.”

बाईंनी हळूभाऊंच्या हातातलं ओलं फडकं घेतलं आणि उरलेली अर्धी काच स्वतः पुसली.

सव्वाबाराला परिचारिका सरांना हाताला धरून खाली घेऊन आली. हळूभाऊंनी नेहमीप्रमाणे मागचं दार उघडून धरलं. सर त्या दारापाशी थांबले, त्यांनी ते आपल्या हातानं लावलं, आणि गाडीला धरत धरत वळसा घालून ते पुढे हळूभाऊंच्या शेजारी जाऊन बसले.